पलीकडची हाक

पलीकडून हाक आली की नाव सोडायची. कोण आहे, काय काम आहे, हे नावेत बसल्यावर विचारायचं, काठावरून विचारायचं नाही. हे माझ्या सासऱ्याचं सांगणं. सासरा काही देवभोळा नव्हता, चांगला शिवराळ होता, पण एवढ्या एका गोष्टीत देवाला घाबरून असायचा. म्हणायचा, देवानं कुणाला शेत दिलं, कुणाला दुकान दिलं, आपल्याला हाक दिली. ती ऐकली नाही तर त्याच्यासमोर उभं राहायला आपल्याकडे दुसरं आहे काय? पुढे माझा नवराही गेला तो तापानं गेला, नदीनं त्याला हात लावला नाही. त्यामुळे मला या बोलण्याची खात्रीच पटली होती. आम्ही देवाचं ऐकतो, तो आमच्याकडे बघतो. सरळ व्यवहार.

त्या वर्षी उन्हाळ्यात इंजिनवाल्यानं आमच्या वरच्या अंगाला आपली बोट आणून लावली. तो मूळचा वस्तीतलाच, लहानपणी आमच्या नावेतून फुकट फिरलेला. शहरात जाऊन पोट वाढवून आला आणि येताना बोट घेऊन आला. बोटीत बाकं, वर पत्र्याचं छप्पर, आणि धूर असा की माशांना खोकला लागावा. लोक तिकडे धावले. ज्यांच्या अवघडलेल्या लेकी आम्ही भर पावसात पलीकडे पोहोचवल्या होत्या, तेही माझ्याकडे न बघता पुढे जायला लागले. मी खुंटाजवळ बसून दोर वळत असायची. कुणी नजर चुकवली की मुद्दाम मोठ्यानं विचारायची, "काय हो, मान आखडली का?"

आमची नाव दोरावरची. या काठाला एक खुंट, त्या काठाला एक, मधे माझ्या मनगटाएवढा जाड दोर. नाव त्या दोराला फासानं अडकवलेली असते, आणि माणूस नावेत उभं राहून दोर ओढत ओढत पलीकडे जातो. दोर मी वळायची. घायपाताची पानं खड्ड्यात कुजवायची, त्या वासापुढे घास उतरत नाही. मग ती दगडावर बडवायची, धागे सोडवायचे, वाळवायचे, पीळ घालायचा. हातांना खाज सुटते, कातडी सोलते. पण माझा पीळ असा बसायचा की लोहार म्हणायचा, "म्हातारे, तुझा दोर आणि तुझी जीभ, दोन्ही तुटायच्या नाहीत." मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला सांगू?

त्या वर्षी दोर नवा कोरा होता. नावेत कोयता टांगलेला असतो, प्रसंग आला तर दोर कापायला. मी लेकाला बजावून ठेवलं होतं, "माझ्या दोराला कोयता लावलास तर घरात पाऊल टाकू नकोस." तो हसला. उंचीमुळे सगळे त्याला लांब्या म्हणायचे, आणि बोलायची वेळ आली की लांब्या हसायचा. बोलायचं सगळं काम मी आणि सून वाटून घ्यायचो.

पाऊस लागून राहिला होता. नदीचं पाणी तांबडं झालं होतं, फांद्या, गवताचे भारे, कुणाच्या तरी कोंबड्यांचं खुराडं असं काय काय वाहत चाललं होतं. दुपार कलली होती. सून चुलीपाशी ओल्या लाकडांशी भांडत होती, नात तिच्या पाठीला चिकटून बसली होती. तेवढ्यात पलीकडून हाक आली.

"ए नाववाले! नाव आणा!"

लांब्या उठला आणि परत बसला. "इंजिनवाला आहे," तो म्हणाला.

आवाज मीही ओळखला होता. "त्याची बोट कुठाय?"

"सकाळी त्याला पलीकडे सोडून आली. येताना इंजिनात पाणी गेलं, बंद पडलीय."

"मग बसू दे की रात्रभर झाडाखाली," सून चुलीपासूनच बोलली. "आपल्या तोंडचा घास काढला त्यानं. एक रात्र भिजला म्हणून विरघळणार नाही."

"हाक आलीय," मी म्हटलं.

"आई, पाणी बघितलंत का? खुंटाखालचा दगडसुद्धा दिसत नाहीये."

"मामंजींनी याहून वाईट पाण्यात नाव घातली होती."

"त्यांनी स्वतः घातली होती. तुम्ही यांना घालताय."

मी तिच्याकडे असं बघितलं की ती फुंकणी घेऊन चुलीवर वाकली.

लांब्या हळूच म्हणाला, "आई, सकाळी पाणी उतरलं की आणतो त्याला. पहिली फेरी त्याचीच."

"हाक आज आली आणि तू उद्या जाणार? देवाला काय सांगायचं, आज सवड नव्हती?"

हे मी देवासाठीच बोलले. पण तो इंजिनवाला माझ्या नावेतून, माझ्या दोरावरून, भिजलेल्या मांजरासारखा अंग चोरून यावा आणि उतरताना त्यानं माझ्याकडे बघावं, हेही मनात होतं. देवाच्या शेजारी तेही ऐसपैस बसलं होतं.

लांब्यानं सदरा काढून खुंटीला लावला, पोरीच्या डोक्यावर टपली मारली आणि निघाला. सून उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथूनच ओरडली, "कोयता आहे का बघा नावेत!" त्यानं मागे न बघता हात वर केला. उजवा हात. तो तसा वर केलेला मला अजून दिसतो.

जाताना तो नीट गेला. मी खुंटापाशी उभी राहून दोरावर तळवा ठेवला होता. दोरावर हात असला की नाव कुठे आहे ते मला डोळे मिटूनही कळायचं. पलीकडे टेकली, माणूस चढला, परत निघाली. मधोमध आली आणि दोरात असा हिसका आला की माझा हात झटकला गेला. डोळ्यांवरचं पाणी पुसून बघते तो एक अख्खं झाड, मुळांसकट, दोराला येऊन अडकलं होतं. दोर ताणला जाऊ लागला. खुंट कण्हायला लागला. नाव फासात धरलेली, ती एका अंगावर कलून पाण्याखाली दबायला लागली.

अशा वेळी दोर कापायचा असतो. नाव सुटते, प्रवाहाबरोबर वाहत जाते आणि खालच्या वळणावर वाळूत लागते. हे नावाड्याच्या पोराला सांगावं लागत नाही.

पण दोर कापला जाईना. लांब्या फासावर वाकलेला दिसत होता. मी ओरडत होते, काय ओरडत होते देव जाणे. वाऱ्यानं माझा शब्द मलाच ऐकू येत नव्हता. मग एकदम दोर सैल पडला आणि मी चिखलात उताणी पडले.

वळणापर्यंत सून माझ्या पुढे धावली. मी पोचले तेव्हा नाव वाळूत आडवी पडली होती, तिची एक फळी आत गेली होती. इंजिनवाला चिखलात बसून आपला सदरा लांब्याच्या हाताला गुंडाळत होता, आणि सदरा लाल होत चालला होता. लांब्याचे ओठ पांढरे पडले होते. मला बघून तो म्हणाला, "आई, दोर गेला."

एवढंच म्हणाला.

तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत अंधार पडला. डॉक्टरनं अंगठा ठेवला, बाकीची बोटं काढली. फास आणि दोर यांच्यामधे हात सापडून चेचला गेला होता. डॉक्टर तरुण होता, मला समजावत होता, "आजी, अंगठा राहिला हे नशीब समजा." मी म्हटलं, "तू समज बाबा. माझ्या समजण्यात ते बसत नाही."

त्यानंतरचे दिवस कसे सांगू? ज्यानं भरली नाव ओढली त्याला पायजम्याची नाडी बांधता येईना. सून बांधायची, तो भिंतीकडे बघत उभा राहायचा. जेवताना डाव्या हातानं कालवायचा, अर्धं सांडायचं, मग मी बघत नाही ना असं बघून वेचून खायचा. मी मुद्दाम पाठ फिरवून बसायची. माझ्या पाठीलाही ते दिसायचं.

एकदा नातीनं विचारलं, "बाबा, तुझी बोटं परत कधी येणार?"

"नदीत राहिलीत. पाणी उतरलं की बघू," तो हसून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोर काठावरच्या दगडांत शोधत बसलेली सापडली. सुनेनं तिला ओढत आणलं, चापट मारली, आणि मग स्वतःच तिला पोटाशी घेऊन रडली. त्या घरात राहणं म्हणजे अंगावर निखारे ठेवून घेणं झालं होतं.

मी देवाशी रोज बोलते, लपूनछपून बोलत नाही. पण त्या दिवसांत माझं बोलणं भांडणावर आलं. पाणी भरताना, केर काढताना एकच. तू हाक मारलीस, मी ऐकली. मग हात त्याचा का नेलास? ऐकलं कुणी आणि भरलं कुणी? तुला माझे हात दिसले नाहीत? का म्हातारे हात तुला चालत नाहीत? तो काही बोलला नाही. आधीही बोलत नव्हता म्हणा, पण आधी मला वाटायचं की गप्प बसून ऐकतोय.

घरात बसून पोट भरत नाही, म्हणून मी तुटलेला दोर ओढून आणला, पीळ उलगडून सांधा घातला. सुनेनं फळीवर पत्रा ठोकला, वरून डांबर फासलं. पाऊस थोडा थांबला, पाणी उतरलं, तेव्हा आम्ही दोघींनी कशीबशी दोराची जोड पलीकडच्या खुंटापर्यंत नेली. पण बसायला माणूसच येईना. म्हातारी, बाई आणि थोटा माणूस यांच्या भरवशावर जीव कोण टाकणार? आम्ही पीठ पाण्यात शिजवून प्यायचो. पोर म्हणायची, "आज पण पातळ?" सून म्हणायची, "घट्ट हवं तर आजीला सांग, आजीच्या ओळखी वर आहेत." मी ऐकून घ्यायची. पूर्वी ऐकून घेतलं नसतं.

मग एके दिवशी इंजिनवाला आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना.

"मावशी, रागावू नका."

"रागवायला अंगात काही शिल्लक आहे का माझ्या?"

"लांब्याला बोटीवर घेतो. तिकिटं फाडायला. बसून काम आहे. अंगठा पुरेल."

अंगठा पुरेल. लांब्या कोपऱ्यात बसला होता, त्यानं हात पाठीमागे घेतला.

"पण एक आहे," इंजिनवाला म्हणाला. "दोर बोटीच्या पंख्याला अडकतो. पाऊस सरला की दोन्ही खुंट उपटायचे. तोवर दोर तळाशी पडू दे, पण नाव सोडायची नाही. एक फेरीसुद्धा नाही. एकाच घरचे इकडे पण आणि तिकडे पण, हे मला चालणार नाही. फेरी मारलीत की त्याचं काम गेलं."

"आणि पुरात कुणी पलीकडे अडकलं तर? तुझी बोट जाणार?"

"पुरात नाही जाणार. नाजूक असतं मावशी इंजिन. जीव जातो त्याचा."

"तुझाही जात होता त्या दिवशी."

तो पायानं दारातला चिखल उकरत राहिला. मग म्हणाला, "मावशी, मी ओरडत होतो त्याला, काप म्हणून. कोयता पायाशीच होता. तो म्हणाला, 'आईचा दोर आहे, हातानं सोडवतो.' हात अडकल्यावर शेवटी मीच कापला."

सून पीठ चाळत होती, तिची चाळण थांबली. लांब्या म्हणाला, "कशाला सांगतोस?" आणि उठून बाहेर गेला.

इंजिनवालाही गेला. घरात मी आणि सून. मी वाट बघत होते. तिच्यासारखी तोंडाळ बाई, मी म्हटलं आता सगळं ओतेल माझ्यावर, आणि ओतावंच. पण ती बोलेना.

"बोल ना," मी म्हटलं.

"काय बोलू?" ती म्हणाली. "पीठ चाळायचंय." आणि चाळण परत हलायला लागली.

संध्याकाळी मी लांब्याला सांगितलं, "जा तू बोटीवर." देवाला विचारलं नाही. त्याला विचारायची मला लाज वाटली की राग आला होता, हे माझं मलाच कळलं नाही.

लांब्या जायला लागला. गळ्यात तिकिटांची पिशवी. तिकीट दातांत धरायचा आणि डाव्या हातानं फाडायचा. लोक म्हणायचे, "काय लांब्या, नोकरी लागली की!" तो हसायचा, दातांत तिकीट धरून. पण घरात पीठ घट्ट शिजायला लागलं. पोरीच्या गालावर मांस दिसायला लागलं. मी घायपाताच्या खड्ड्यात माती लोटली. वस्तीत कुणी विचारलं, "आता दोर वळत नाही का?" तर सांगायची, "हात दुखतात." माझे हात काही दुखत नव्हते, हेच तर दुखत होतं.

मग पाणी पुन्हा चढलं. दोन दिवस पाऊस कोसळला. बोट काठाला बांधून इंजिनवाला तिच्या इंजिनावर ताडपत्री घालत होता. लांब्या पिशवी गळ्यात अडकवून छपराखाली बसला होता. मी ओट्यावर होते. पाऊस जरा ओसरला आणि पलीकडून हाक आली.

"ए नाववाले!"

बाई की बाप्या, ओळखू येत नव्हतं. मधे वारा होता. पलीकडे झाडाखाली काहीतरी हलत होतं.

बोटीवर इंजिनवाल्यानं मान वर केली आणि परत ताडपत्रीची गाठ मारायला लागला. लांब्या बसल्या जागी ताठ झाला. सून दारात आली.

"आई, ते आता आपलं नाही."

"माहीत आहे."

मी मनात म्हटलं, देवा, दुसरं कुणीतरी बघ. आमचं झालं. तू घेतलंस तेवढं बास कर.

पुन्हा हाक आली, आधीपेक्षा बारीक.

मी उठले. नावेतलं पाणी उपसायचा डबा चुलीमागे ठेवला होता, तो काढला. सून दारात आडवी उभी राहिली.

"यांचं काम जाईल. उद्या चुलीवर काय ठेवायचं? तुमचा हट्ट?"

"माहीत नाही."

ती बघतच राहिली. लग्न होऊन आल्यापासून माझ्या तोंडून हे दोन शब्द तिनं ऐकले नव्हते.

"मग चाललात कुठे?"

"मागच्या वेळी ऐकलं मी आणि पाठवलं त्याला. त्यानं माझं ऐकलं, देवाचं ऐकायचं माझं राहूनच गेलं. आता सरक."

"तुम्हाला पोहता येत नाही."

"बुडता येतं. त्याला काही शिकावं लागत नाही."

मी तिच्या हाताखालून वाकून बाहेर पडले. गुडघ्याएवढ्या चिखलातून नावेपाशी गेले, खुंटाचा वेढा सोडला. खांदा लावून नाव ढकलली, ती जागची हलेना. पुन्हा ढकलली. तिसऱ्यांदा हलली, कारण माझ्या शेजारी सून पदर खोचून ढकलत होती.

"पोर?" मी विचारलं.

"पाठवली तिला बापाकडे." ती नावेत चढली, माझ्या हातातून डबा हिसकावला. "देवासाठी येत नाहीये मी, आणि तुमच्यासाठी तर नाहीच. म्हातारी बुडाली तर लोक मला नावं ठेवतील म्हणून येतेय."

"बस मग नीट. बडबड कमी कर."

मी दोर धरला. तळाशी पडून पडून त्याला गाळ चिकटला होता. वर येताना तो पाणी गाळत, जड होऊन आला. मी फास घातला आणि ओढला. खांद्यात कळ आली, पुन्हा ओढला. काठ सुटला. पाण्यानं नावेला खालच्या बाजूनं असा रेटा दिला की सून दोन्ही हातांनी कड धरून बसली. पत्र्याच्या ठिगळातून पाणी आत यायला लागलं.

काठावर इंजिनवाला ओरडत होता, "मावशी, परत या! मी सांगितलं होतं! काम गेलं समजा त्याचं!" त्याच्या शेजारी लांब्या उभा होता, पोर त्याच्या मांडीला बिलगलेली. त्यानं गळ्यातली पिशवी काढली नव्हती. मला वाटलं, तो हसतोय का नेहमीसारखा. पण तो हसत नव्हता. त्यानं तो अर्धा हात तोंडाशी धरला आणि ओरडला. इतक्या मोठ्यानं ओरडताना मी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं.

"फास सैल ठेव आई! सैल!"

मी फास सैल केला. मधे आलो तसा माझा सांधा हाताला लागला, जाडजूड, गाठीचा. त्याच्यापुढे पाणी काळं होतं आणि वरच्या अंगानं काहीतरी मोठं वाहत येत होतं, झाड की छप्पर, पावसात कळत नव्हतं. सुनेनंही ते बघितलं. तिनं डबा खाली टाकला, कोयता काढला आणि मांडीवर घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नकोस," मी म्हटलं. "ताण आला की विचारायचं नाही. काप."

"कोण बोलतंय बघा," ती म्हणाली, आणि कोयत्याची मूठ घट्ट धरली.

पलीकडून पुन्हा हाक आली.

"आलो!" मी ओरडले, आणि दोर ओढला.